पॉझिटिव्ह आलंय, पण नेमकं काय पॉझिटिव्ह?

या महिन्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीबद्दल एवढे प्रश्न आलेत की थायरॉइड आणि हिमोग्लोबिनवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबायला सांगतेय. नाव कुणाचंच छापत नाही, फक्त भाग किंवा गाव ठेवलंय. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुमचं सॅम्पल जिच्या टेबलावर येतं पण तुम्ही जिला कधी भेटत नाही ती डॉक्टर, त्यामुळं उत्तरं जरा मायक्रोस्कोपच्या बाजूनं येतील. आणि रिपोर्टचे फोटो पाठवताना वरचं नाव, मोबाइल नंबर झाकत जा हो, काहीजणींनी तर आधार कार्डासकट पाठवलंय.

प्रश्न (सिडको, वय ३६): मॅडम, ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझी एचपीव्ही टेस्ट पॉझिटिव्ह आली. रिपोर्टवर १६ निगेटिव्ह, १८ निगेटिव्ह आणि "इतर हाय रिस्क पॉझिटिव्ह" असं लिहिलंय. पॅप स्मिअर मात्र नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाल्या ड्युअल स्टेन करून घे, नाहीतर वर्षानं परत टेस्ट करू. म्हणजे मला कॅन्सर आहे का नाही? एक टेस्ट हो म्हणते, एक नाही म्हणते, आणि आता तिसरी. झोप उडालीय.

उत्तर: ताई, रिपोर्ट परत उघडा आणि पॉझिटिव्ह हा शब्द कशासमोर लिहिलाय ते बघा. तुमच्या रिपोर्टमध्ये तो व्हायरससमोर, म्हणजे एचपीव्हीसमोर आहे. पेशींसमोर, म्हणजे पॅपसमोर, नॉर्मल लिहिलंय. या दोन टेस्ट एकमेकींच्या विरोधात बोलत नाहीयेत, दोघींना प्रश्नच वेगळे विचारलेत. एकीनं सांगितलं की व्हायरस तिथं आहे, दुसरीनं सांगितलं की आज दिसणाऱ्या पेशी ठीक आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, बहुतेक वेळा असतंच.

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, त्याचे २०० हून जास्त प्रकार आहेत, त्यातले डझनभर हाय रिस्क धरले जातात, आणि त्यातही १६ आणि १८ हे दोनच जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला जबाबदार आहेत. तुमच्यात हे दोन्ही नाहीत, ही बऱ्यापैकी चांगली बातमी आहे आणि ती तुम्हाला कुणी नीट सांगितलेली दिसत नाही. हा व्हायरस बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी लागतो आणि दहातल्या नऊजणींच्या अंगातून साधारण दोन वर्षांत आपलाआपण निघून जातो, कळतही नाही आला कधी आणि गेला कधी. ज्या थोड्याजणींत तो मुक्काम ठोकतो त्यांच्यातही कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही वगैरेमुळं प्रतिकारशक्ती कमी असेल आणि उपचार चालू नसतील तर मात्र हेच ५ ते १० वर्षांत होऊ शकतं.

आता प्रश्न उरतो तो असा की पॉझिटिव्ह आलेल्या एवढ्या बायकांमधून ती मुक्काम ठोकलेली ओळखायची कशी. बायोमार्कर, म्हणजे पेशीत बिघाड सुरू झालाय हे सांगणाऱ्या खुणा, लागतात ते इथं. व्हायरस पेशीत नुसता असतो तेव्हा तो स्वतःच्या कॉपी काढत बसतो, पेशीला फार छेडत नाही. बिघडायला लागतं ते त्याची ई६ आणि ई७ ही दोन प्रोटीन्स बेसुमार बनायला लागली की. ई६ आपल्या पेशीतलं पी५३ संपवतं, जे खराब झालेल्या पेशीला थांबवतं किंवा मारून टाकतं. ई७ आरबी नावाच्या प्रोटीनला निकामी करतं, जे पेशीला उगाच विभागू देत नाही. आरबी गेलं की पेशी घाबरून पी१६ नावाचं प्रोटीन बनवत सुटते, कारण पी१६चं कामच विभागणी थांबवणं. पण गंमत अशी की पी१६चा हुकूम आरबीमार्फतच चालतो, आणि आरबीच जागेवर नाही, मग पी१६चा ढीग साठला तरी ऐकणारं कोण? पेशी विभागतच राहते.

ड्युअल स्टेनमध्ये आम्ही नेमकं हेच शोधतो. पी१६ला तपकिरी रंग आणि केआय-६७ला लाल रंग. केआय-६७ फक्त विभागणाऱ्या पेशींमध्ये सापडतं. निरोगी पेशीत एकतर हे असेल नाहीतर ते, दोन्ही एकाच पेशीत एकत्र नांदत नाहीत. तपकिरी पेशीच्या मधोमध लाल केंद्रक दिसलं की समजायचं व्हायरसनं तिथली यंत्रणा ताब्यात घेतलीय. अशी एक पेशी जरी पक्की सापडली तरी टेस्ट पॉझिटिव्ह देतो आम्ही. पॅपमध्ये पेशीचा आकार, केंद्रक केवढं, कडा कशा, हे बघून मत द्यावं लागतं आणि दोन पॅथॉलॉजिस्टची दोन मतं होतात, खोटं कशाला बोलू. इथं रंग दिसतो किंवा दिसत नाही, वादाला जागा कमी.

तर तुमच्यासाठी असं. ड्युअल स्टेन पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयाचं तोंड बघणं आणि गरज वाटली तर छोटा तुकडा घेणं. निगेटिव्ह आली तर एक वर्षानं परत एचपीव्ही टेस्ट. आणि ड्युअल स्टेन परवडत नसेल किंवा जवळ होत नसेल तर थेट वर्षानं परत टेस्ट हाही योग्य मार्ग आहे, डॉक्टरांनी दोन्ही पर्याय दिले म्हणजे त्या टाळाटाळ करत नाहीयेत. फक्त वर्षानं म्हणजे वर्षानं, कुंभमेळ्याची गर्दी सरली की बघू असं नको. अजून एक, तुमचं पॅप जर लिक्विड बेस्ड असेल, म्हणजे बाटलीतल्या द्रावात घेतलेलं, तर त्याच उरलेल्या सॅम्पलवर ड्युअल स्टेन होऊ शकते, परत टेबलावर झोपायची गरज नाही. सगळ्याच लॅब ती करत नाहीत, आणि बाटली ठराविक मुदतीपर्यंतच चालते, तेव्हा आजच फोन करून विचारा. १६ किंवा १८ पॉझिटिव्ह असतं तर मी हे सगळं पुराण लावलंच नसतं, पॅप नॉर्मल असलं तरी सरळ कॉल्पोस्कोपी करून घ्या म्हटलं असतं.

प्रश्न (सातपूर, पुरुष वाचक): बायकोचा एचपीव्ही पॉझिटिव्ह आलाय. आमच्या लग्नाला १२ वर्षं झाली. माझं बाहेर काही नाही. मग हा आला कुठून? घरात वातावरण बिघडलंय. मी पण टेस्ट करू का?

उत्तर: दादा, पत्र लिहिलंत हे बरं केलंत, नाहीतर हा प्रश्न लोक बायकोला ओरडून विचारतात. हा व्हायरस अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो आणि मग टेस्टमध्ये दिसू शकतो. लग्नाआधीचा असेल, तुमच्याकडून असेल, तिच्याकडून असेल, १२ वर्षांपूर्वीचा असेल, कुठलाही रिपोर्ट हे सांगू शकत नाही आणि सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुरुषांसाठी सरसकट करायची अशी एचपीव्ही टेस्ट नाही. कंडोमनं धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण हा कातडीच्या संपर्कातूनही लागतो. टेस्टच्या पैशांत बायकोला पुढच्या तपासणीला स्वतः घेऊन जा, बाहेरच्या बाकड्यावर बसा, तेवढं पुरे आहे.

प्रश्न (निफाड तालुका, वय २९): एचपीव्ही १६ निघाला, तुकडा तपासला त्यात सीआयएन २ आणि "पी१६ ब्लॉक पॉझिटिव्ह" आलंय. एका डॉक्टरांनी पिशवीच काढून टाका म्हणून सांगितलं. मला एकच मुलगी आहे, दुसरं बाळ हवंय. सासूबाई म्हणतात काढून टाक, कटकट नको. आता ऑक्टोबर छाटणीची गडबड आहे, द्राक्षाचा सीझन संपेपर्यंत थांबलं तर चालेल का?

उत्तर: ताई, पिशवी काढायची अजिबात घाई करू नका. सीआयएन २ साठी, म्हणजे कॅन्सरच्या आधी पेशींत होणाऱ्या बदलांच्या तीनपैकी मधल्या पायरीसाठी, पिशवी काढणं हा पहिला उपाय नाही, कुठल्याच वयात नाही, आणि २९व्या वर्षी बाळ हवं असताना तर नाहीच नाही. हे मी जरा चिडून लिहितेय कारण आपल्या भागात पांढरं जातंय एवढ्यावरसुद्धा पिशव्या निघालेल्या बायका मी बघते, आणि आमच्याकडं तपासायला आलेल्या त्या पिशवीत बऱ्याचदा काहीच नसतं.

रिपोर्टचा अर्थ असा. सीआयएन १ म्हणजे बहुतेकदा नुसतं व्हायरसचं अस्तित्व, सीआयएन ३ म्हणजे खरा कॅन्सरपूर्व बदल, आणि २ हा मधला, ज्याच्यावरून आमच्यातच सगळ्यात जास्त मतभेद. म्हणून २०१२ सालापासून असा नियम ठरलाय की २ वाटत असेल आणि शंका असेल तर तुकड्यावर पी१६चा रंग करा. तळाच्या थरापासून वर किमान एक तृतीयांश जाडीपर्यंत सलग, गडद रंग आला तर तो ब्लॉक पॉझिटिव्ह आणि तो वरच्या ग्रेडचा बदल धरायचा. ठिपक्याठिपक्यांनी आला तर तो निगेटिव्ह. तुमच्या द्राक्षाच्या भाषेत सांगायचं तर डाऊनी बुरशीचे बीजाणू नुसते पानावर पडलेले नाहीत, पानात शिरलेत, पण घडापर्यंत पोचलेले नाहीत. म्हणजे फवारणीची वेळ आहे, बाग उपटायची नाही.

इथली फवारणी म्हणजे लीप. तारेच्या कड्यानं गर्भाशयाच्या तोंडाचा तेवढाच बाधित भाग काढतात, जागा बधिर करून, बहुतेकदा त्याच दिवशी घरी. पिशवी जागेवर राहते, बाळ होतं. पुढच्या गरोदरपणात दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचा धोका थोडा वाढतो, विशेषतः खोल भाग काढला असेल तर, म्हणून किती खोल काढणार हे आधी विचारा आणि दिवस गेले की नव्या डॉक्टरांना लीप झालीय हे आठवणीनं सांगा. तुमच्या वयात सीआयएन २ पैकी जवळपास निम्मे दोन वर्षांत आपणहून मागे जातात, म्हणून लगेच मूल हवं असणाऱ्या बाईला दर सहा महिन्यांनी कॉल्पोस्कोपी आणि एचपीव्ही टेस्ट करत थांबण्याचा पर्यायही देतात. पण तुमच्यात १६ आहे, तेव्हा हा निर्णय कॉल्पोस्कोपी नीट करणाऱ्या डॉक्टरांसमोर बसून घ्या, आणि सहा महिन्यांना दांडी मारणार नाही याची खात्री असेल तरच.

थांबण्याबद्दल. दोनचार आठवडे इकडंतिकडं झाले तर काही बिघडत नाही. पण छाटणी, मग थिनिंग, मग तोडणी, मग बेदाणा, असं करत आपल्याकडं वर्ष जातं, मला माहितेय. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात पूर्वी सीआयएन ३ असलेल्या काही बायकांवर पूर्ण उपचार न करता नुसतं बघत बसले होते, पुढं त्यावर मोठा गदारोळ झाला. त्या बायकांचा ३० वर्षांचा हिशेब २००८ साली छापून आला. अर्धवट उपचार झालेल्यांपैकी ३१ टक्के बायकांना कॅन्सर झाला, नीट उपचार झालेल्यांत हा आकडा एका टक्क्याच्याही आत होता. सासूबाईंना हे वाचून दाखवा. कटकट संपवायला पिशवी लागत नाही, वेळेवर लीप लागते.

प्रश्न (इंदिरानगर, वय ४४): आमच्या सोसायटीत रविवारी कॅम्प होता. "लेडीज कॅन्सर पॅकेज" म्हणून रक्त घेतलं, त्यात सीए-१२५ आणि एससीसी अँटिजेन नॉर्मल आलं. म्हणजे मी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी सेफ ना? मग पॅप कशाला?

उत्तर: नाही, सेफ ठरत नाही, आणि असली पॅकेजं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सीए-१२५ मुख्यतः अंडाशयाच्या कॅन्सरच्या उपचारात पाठपुराव्याला वापरतात, आणि ते एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, पाळी, गरोदरपण, पोटाचा टीबी कशातही वाढतं. एससीसी अँटिजेन गर्भाशयमुखाच्या झालेल्या कॅन्सरच्या पाठपुराव्यात कामाचं, पण सोरायसिसमध्ये किंवा किडनी बिघडली तरी वर जातं, आणि कॅन्सरपूर्व बदलात ते बिचारं नॉर्मलच असू शकतं. एचपीव्ही तर वरच्या आवरणातच राहतो, रक्तात फिरत नाही, म्हणून बोटातून किंवा दंडातून रक्त काढून तो सापडायचा नाही. गर्भाशयाच्या तोंडाची माहिती गर्भाशयाच्या तोंडाजवळूनच घ्यावी लागते. पैसे गेले ते गेले. आता एकदा एचपीव्ही टेस्ट करा, पाळी नसताना, आणि आधीचे दोन दिवस संबंध आणि आत ठेवायच्या गोळ्या टाळून.

प्रश्न (पेठ तालुका, आशा कार्यकर्ती): आमच्याकडं व्हिनेगर लावून तपासणी होते. बायका लाजतात, येत नाहीत. शहरात म्हणे एचपीव्ही टेस्ट करतात आणि बाई स्वतःच सॅम्पल घेते. आमची तपासणी कमी दर्जाची आहे का?

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. तुमची तपासणी कमी दर्जाची नाही, वेगळी आहे. टाटा मेमोरियलनं मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर हाच व्हिनेगरचा अभ्यास केला, दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिचं मोठं बळ म्हणजे मिनिटाभरात उत्तर, बाई घरी जायच्या आत. कमजोरी अशी की बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून, आणि पाळी गेलेल्या बायकांत जिथं बदल सुरू होतात तो भाग आत सरकतो, नीट दिसतच नाही.

एचपीव्ही टेस्टचाही पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात खेड्यांतल्या १ लाख ३० हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, २००९ साली छापून आला, आणि आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. कुठं परदेशात नाही हो, बार्शीच्या हॉस्पिटलच्या मदतीनं. जागतिक आरोग्य संघटना आता म्हणते ती हीच टेस्ट, वयाच्या ३५ पर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत परत एकदा निदान झालीच पाहिजे.

स्वतः घेतलेलं सॅम्पल व्हायरस शोधायला चांगलं चालतं. आत मऊ ब्रश घालून फिरवायचा, बस, लाजायला कुणी समोर नाही. पण त्या सॅम्पलवर पॅप किंवा ड्युअल स्टेन भरवशाची होत नाही, कारण त्यात योनीच्या पेशी जास्त आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कमी. पॉझिटिव्ह आली तर बाईला पुढं यावंच लागतं. यावर मिथिलेशन नावाचा एक मार्कर आलाय, पेशी बिघडताना तिच्या डीएनएच्या ठराविक जागांवर रासायनिक खुणा साठतात त्या मोजायच्या, आणि तो स्वतः घेतलेल्या सॅम्पलवरही चालतो. युरोपात वापरायला लागलेत, आपल्याकडं पेठ-सुरगाण्यात पोचायला वेळ आहे. तोपर्यंत तुमच्या हातातलं व्हिनेगर आणि टॉर्च सोडू नका. आणि व्हिनेगर लावल्यावर ज्यांच्या गर्भाशयाच्या तोंडावर पांढरा डाग दिसला त्या पुढं खरंच गेल्या का, ही यादी तुमच्या वहीत ठेवा, कारण बायका हरवतात त्या तपासणीत नाही, तपासणीनंतर.

प्रश्न (देवळाली कॅम्प): मी स्वतः एचपीव्ही पॉझिटिव्ह आहे. आता लस घेऊन उपयोग आहे का? मुलगी १३ वर्षांची आहे, तिला देऊ का? घरचे म्हणतात एवढ्या लहान वयात कशाला.

उत्तर: आत असलेला व्हायरस लस घालवत नाही, तुमचा उपाय म्हणजे वेळेवर तपासणी. मुलीला द्या, लहान वयातच द्यायची असते ती, व्हायरसशी गाठ पडण्याआधी. ९ ते १४ हे सगळ्यात चांगलं वय. जर्मनीच्या हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ साली एचपीव्ही १६ शोधला, त्यासाठी २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि त्याच कामातून ही लस आली. आता तर पुण्याच्या सिरमची सर्वाव्हॅक आहे, ती ६, ११, १६, १८ या चार प्रकारांवर चालते. किती डोस ते बालरोगतज्ज्ञ वयाप्रमाणं सांगतील. पुढं तिशीत तिलाही तपासणी लागणारच, लस घेतली म्हणून सुट्टी नाही.

प्रश्न (नाशिकरोड): आई ६१ वर्षांची. पाळी जाऊन १० वर्षं झाली. दोनदा डाग लागले. पॅपमध्ये "ॲट्रॉफी, परत करा" असं आलंय. परत पॅप करू का एचपीव्ही?

उत्तर: पाळी गेल्यावर हार्मोन कमी होतं, पेशी सुकतात, त्या कधीकधी बिघडलेल्या पेशींसारख्या दिसतात आणि आम्हाला ठरवता येत नाही. नुसता पॅपचा प्रश्न असता तर म्हटलं असतं की काही आठवडे डॉक्टरांच्या सल्ल्यानं हार्मोनचं क्रीम लावून परत करा, किंवा ड्युअल स्टेन करा, कारण सुकलेल्या पेशी विभागत नाहीत, त्यामुळं तिथं गोंधळ कमी होतो. पण तुमच्या आईंना रक्त गेलंय. पाळी गेल्यानंतरचा एक डाग जरी असला तरी तिथं बायोमार्करचा खेळ खेळायचा नाही, एचपीव्ही निगेटिव्ह आला तरीही नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी डोळ्यांनी बघायचं, सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजायची, लागला तर तुकडा घ्यायचा. अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतं म्हणून तुम्हाला पत्र मिळालं त्याच दिवशी मेसेज केलाय, इथं छापतेय ते बाकीच्यांच्या आयांसाठी.